गाडीतल्या भावकीचा फौजदार

“फौजदारानं आमच्या गाडीची तार आदी सोताच तोडली, मंग चार लोकांम्होरं सोताच जोडली अन् उस्ताद झाला!” माझा चुलतभाऊ नाना ही हकीकत आमच्या ईट गावातल्या चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगत आला आहे, की न पाहिलेली माणसेही आता ती पाहिल्यासारखी सांगतात. मी त्या दिवशी गाडीपासून हातभर अंतरावर उभा होतो. ही हकीकत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटी आहे, आणि ज्याला वाद घालायचा असेल त्याने माझ्या दारात यावे.

फौजदार पोलिसांत नव्हता. तेरखेड्याच्या फाट्यावर त्याचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान होते, आणि हे नाव त्याला त्याच्या तपासामुळे पडले होते. बिघडलेली गाडी आली की तो आधी मालकाला स्टुलावर बसवून त्याची उलटतपासणी घेई. शेवटी गाडीत कोण बसलं हुतं? धुतली कशानं? उंदीर दिसला का? एकदा एका नवरदेवाच्या बापाने चिडून सांगितले, “अवो, गाडीत नवरी हुती!” फौजदार शांतपणे म्हणाला, “असंल. तिच्या हातात पाण्याची बाटली हुती का, त्येवढं सांगा.” माणसांना राग येई. तो कोणावरच विश्वास ठेवत नसे, आणि ते लपवतही नसे. नम्रपणा तर त्याच्या गावीच नव्हता. “तेरखेड्यात, फटाक्यांच्या कारखान्यांत वाढलोय. ठिणगी कुठं पडली ते मला वासावर कळतंय,” असे तो छाती काढून सांगे.

यंत्रावरही त्याचा संशय होता. गाडीला जोडल्यावर दोषांची यादी दाखवणारा स्कॅनर त्याच्याकडे होता. पण “ह्याचं ऐकायचं, मानायचं न्हाय,” असे तो बजावी. नव्या गाडीत इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा असे निरनिराळे छोटे संगणक असतात आणि एकमेकांभोवती पिळलेल्या दोन तारांवरून ते सतत आपसांत बोलतात. फौजदार त्यांना ‘भावकी’ म्हणे. मला म्हणे, “तात्या, भावकीत भांडण लागलं की जो वरडतुय त्येच्याकडं बघायचं न्हाय. जो गप बसलाय त्येचं दार वाजवायचं.” मला हे फार आवडे, कारण आमच्या भावकीत वर्षानुवर्षे मी उलटेच पाहत आलो होतो.

आता नानाची गाडी. फौजदाराने तिला मागचा कॅमेरा बसवून दिला होता, हे मी नाकारत नाही. त्यानंतर काही दिवसांनी ती वाटेत बंद पडू लागली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटत, वेगाचा काटा खाली पडे, स्टिअरिंग दगडासारखे जड होई. आणि थोड्या वेळाने गाडी काही झालेच नाही अशी चालू लागे. शहरातल्या एका वर्कशॉपने स्टिअरिंगचा संगणक बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. तेव्हा नानाने मला बरोबर घेतले आणि ती दोर लावून फाट्यावर ओढत आणली.

स्कॅनरवर ब्रेक तक्रार करत होता, स्टिअरिंग करत होते, एअरबॅगही करत होती. सर्वांचे म्हणणे एकच, की इंजिनाचा संगणक बोलत नाही. इंजिनाकडून मात्र अवाक्षर नव्हते. “ह्यो बघा गपगुमान बसलाय,” फौजदार म्हणाला. त्याने बॅटरी सोडवली आणि त्या दोन तारांना मीटर लावला. या तारांच्या दोन्ही टोकांना एकेक रोधक असतो. दोन्ही शाबूत असतील तर मीटर साठ ओम दाखवतो. तिथे दुप्पट आकडा आला. एक टोक तुटले होते. पुढच्या काचेखालची प्लॅस्टिकची जाळी त्याने काढली, तर इंजिनाकडे जाणाऱ्या जोडणीवर पांढरट थर साचला होता आणि आतली तार कुजून तुटली होती. त्याने तो थर बोटावर घेऊन हुंगला.

“नाना, नारळ कुठं फोडता?”

“बंपरवर. अमुशाला. का?”

“अन् पाणी?”

“काचंवर वततो. गाडीला नको का तीर्थ?”

“गाडीला बास झालं की ओ. ह्या जाळीतनं पार भावकीच्या घशात गेलंय!”

जमलेली माणसे खदखदून हसली. नानाचा चेहरा उतरला. “देवाचं करायचं न्हाय व्हय मग?” तो ओरडला. “करा की,” फौजदार म्हणाला, “पर देव काय बॉनेटात बसलाय?” त्याने तार जोडली, गाडी सुरू झाली. नाना गाडी घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून टपरीवर बोलू लागला.

फौजदाराचे पोट त्याच्या नावावर होते. तार तोडणारा म्हणून एकदा बोभाटा झाल्यावर त्याच्याकडे गाडी सोडून जायला कोण तयार होणार? दुकानासमोरची गर्दी आटली. मी त्याला म्हणालो, “चल, चारचौघांत नानाला विचारू.” तो हसला. “तात्या, वरडणाऱ्याकडं बघू नका म्हणून जल्मभर सांगितलं. आता म्याच वरडू व्हय?” म्हणून तो गप्प राहिला. मग लोकांनी त्याचाच नियम त्याच्यावर उलटवला: फौजदार गप हाय, म्हंजी त्येनंच केलंय. तारांसाठी केलेला नियम माणसांना लावणाऱ्या या शहाण्यांना मी काय म्हणावे! शेवटी तो दुकान बंद करून लेकीकडे सोलापूरला गेला आणि तिथेच वारला. जाण्याआधी मीटर माझ्या हाती देताना म्हणाला होता, “ठिवा तुमच्याकडं. पर माझ्यावर बी इश्वास ठिवू नका, तपासून बघा.”

मी तपासले आहे. कॅमेरा गाडीच्या मागे बसवला होता, तार पुढे तुटली होती, हे सांगितले की नाना म्हणतो, “लबाड मानूस, कुठंबी हात घालील.” ठीक. साक्षीदारांची नावे घेतली की म्हणतो, ते सगळे तुझ्या बाजूचे. तेही ठीक. मला आता त्यांची गरज नाही. नाना आजही दर अमावास्येला नारळ फोडतो. पण फाट्यावरून परतल्यापासून तो अंगणातल्या दगडावर फोडतो, आणि त्याआधी गाडी फाटकाबाहेर नेऊन उभी करतो.