लाल चौकट, हिरवं बटण

लोकांना 'हे तुम्हाला कसं वाटलं?' असं विचारणं हे माझं काम होतं. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. कंपनी संगणकाची राखण करणारं सॉफ्टवेअर बनवायची, म्हणजे व्हायरस आला की पडद्यावर चौकट काढून माणसाला सावध करायचं. त्या चौकटी, त्यांतली बटणं, त्यांचे रंग, त्यांवरचं मराठी साध्या माणसाला कळतं का, हे बघायला मला नेमलं होतं. मी सायखेड्याची, शेतकऱ्याची मुलगी. गावाकडची माणसं मला कळतात असा साहेबांचा समज होता. माझाही होता, आणि तो मी बरीच वर्षं मिरवला.

एक गोष्ट मात्र मला खरंच माहीत होती. आपल्याकडे ज्याचं खाल्लं त्याच्या वस्तूला तोंडावर नावं ठेवत नाहीत. भाजी खारट झाली तरी 'छान झालीय' म्हणून पाणी पितात. म्हणून मी मतांचे फॉर्म कायम नाश्त्यानंतर वाटायचे. आधी पोहे, जिलेबी, चहा आणि मग फॉर्म. फॉर्म इतके गोड यायचे की साहेब ते मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे. याला मी तेव्हा अनुभव म्हणायचे. ती लबाडी होती.

त्या वर्षी साहेबांनी स्वतः एक नवी चौकट बनवली. लालभडक, वर लिहिलेलं, 'ही फाइल धोकादायक असू शकते.' खाली मोठं हिरवं बटण, 'ठीक आहे'. त्याच्याही खाली बारीक करड्या अक्षरांत, 'फाइल थांबवा'. हिरवं दाबलं की फाइल उघडायची. करडं दाबलं तरच अडायची.

मला पहिल्याच दिवशी खटकलं. लाल बघून बिचकलेला माणूस हिरव्याकडेच जाणार. मी साहेबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "अहो, सारखं अडवलं की लोक वैतागतात आणि आपलं सॉफ्टवेअरच काढून टाकतात. हिरवं बघून माणसाला बरं वाटतं. तुम्ही लोकांनाच विचारा ना." मी दुसऱ्यांदा बोलले नाही. विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं होतं आणि साहेबांच्या बटणाला नाव ठेवायची ती वेळ नव्हती.

लोकांना विचारायचं म्हणून आम्ही सुरगाणा आणि पेठ भागातल्या आठ जणींना नाशिकला बोलावलं. सगळ्या आपापल्या गावात ऑनलाइन अर्ज भरायची केंद्रं चालवणाऱ्या. जीपनं आल्या, नव्या साड्या नेसून. दारात हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या, नाश्ता झाला, ग्रुप फोटो झाला. मग मी एकेकीला संगणकापुढे बसवलं आणि लाल चौकट दाखवली. नियम असा होता की मी मागे बसायचं, मदत करायची नाही, बोलायचं नाही, ती काय करते ते फक्त लिहायचं.

तिसऱ्या होत्या सुरगाण्याकडच्या एक ताई. चाळिशीच्या, बोलायला कमी, पण नजर तीक्ष्ण. चौकट आली. त्यांनी वरची ओळ वाचली, मग हिरवं बटण, मग खालची बारीक ओळ अगदी पडद्याजवळ वाकून वाचली. हात माउसवर थांबला. त्या करड्या ओळीवर गेल्या, परत हिरव्यावर आल्या, आणि वळून माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.

का, ते आजही मला नीटसं सांगता येत नाही. बाहेर पाच जणी खोळंबल्या होत्या हे खरं. पण खरं कारण एवढंच की त्यांनी साहेबांचं हिरवं सोडून करडं दाबलं असतं तर मला फॉर्मवर 'अडचण आली' असं लिहावं लागलं असतं. त्यांनी हिरवं दाबलं. मी लिहिलं, 'अडचण नाही.' शेवटी मत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान हाय." तेही मीच लिहिलं, त्यांनी खाली सही केली. आठही फॉर्म तसेच आले. चौकट बाजारात गेली, त्या भागातल्या केंद्रांच्या संगणकांतही बसली, आणि मी विभागप्रमुख झाले.

पुढे सात-आठ महिन्यांनी, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, त्यांचा फोन आला.

"मॅडम, ओळखलं का? तुमच्या ट्रेनिंगला आलेली मी, सुरगाण्याची."

ट्रेनिंग हा शब्द ऐकून मी थांबले. मग लक्षात आलं. शहरात बोलावणं, हजेरी, नाश्ता, फोटो, सही. त्यांच्याकडे हे सगळं ज्याला असतं त्याला प्रशिक्षण म्हणतात. आम्ही मत विचारतोय हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नसेल. त्या शिकायला आल्या होत्या.

"लाल चौकट आली होती," त्या सांगत होत्या. "मी तुम्ही शिकवलं तसं लगेच हिरवं दाबलं. पण समदं कुलूप लागल्यासारखं झालं. एक पन फाइल उघडत नाय. माझंच कायतरी चुकलं आसंल."

त्यांच्या गावातली निम्मी माणसं त्या दिवसांत दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागांत कामाला जात. जाताना घरात कागद ठेवायची सोय नसे, पावसाळ्यात छप्पर गळे, म्हणून सगळे ताईंकडे कागद स्कॅन करून ठेवत. शाळेचे दाखले, जातीचे दाखले, रेशनकार्डं. त्यांचा संगणक म्हणजे गावाची कागदांची पेटी होती. नर्सिंगला जायचं असलेल्या एका मुलीच्या आजोबांचा शाळेचा जुना दाखला तर फक्त तिथेच उरला होता, आणि जात पडताळणीला तोच लागणार होता. मूळ कागदाचा भिजून लगदा झाला होता.

मी काय म्हणाले? "मशीन जुनं असेल, ताई. बघते मी." फोन ठेवला आणि कंपनीतल्या दुरुस्तीच्या माणसाला त्यांचा संगणक बघायला सांगितलं. त्यानं दोन दिवसांत सांगितलं की व्हायरसनं कुलूप घातलेल्या त्या फाइली आता परत मिळणार नाहीत. तरीही मला जायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज काहीतरी काम काढायचे. इतकं भित्रेपण माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी वणीपर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं गेले. ताईंनी आधी चहा दिला, नागलीची भाकरी आणि चटणी पुढे ठेवली. मी भाकरी तशीच ठेवली. मी सांगून टाकलं की ते बटण उलटं आहे, मला ते आधीपासून माहीत होतं, आणि ते प्रशिक्षण नव्हतंच.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आत गेल्या आणि एक वही आणली. नाशिकच्या त्या दिवसाची तारीख घालून त्यांनी लाल पेननं चौकट काढली होती, आत हिरव्या खडूनं बटण रंगवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'लाल आले की हिरवे दाबणे. मॅडमनी सांगितले.'

"मला तवाच उलटं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "खालचं दाबणार होते. पन तुम्ही एवढं खाऊ घातलं, आनि मान हलवली. मग म्हटलं, आपल्याला काय कळतं."

मी त्या नर्सिंगच्या मुलीचं विचारलं. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढायला ताई दोनदा जाऊन आल्या होत्या. रजिस्टर सापडत नव्हतं. "औंदा तिचा नंबर नाय लागायचा," त्या म्हणाल्या, आणि तसंच झालं. तिचं ते वर्ष गेलं.

वही त्यांनी बंद केली नाही. "मी आजूबाजूच्या पाच केंद्रांवरच्या बायांना पन हेच शिकवलंय. त्यांच्याकडं बी लोकांचे कागद हायेत. आता त्यांना कोन सांगनार?"

"मी सांगते," मी म्हटलं.

त्यांनी पहिला नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. पहिल्या बाईला मी म्हटलं, लाल चौकट आली की खालची बारीक ओळ दाबा, कंपनीकडून जरा चूक झाली होती. दुसरीलाही तेच. शब्द कसे हळूच घसरतात ते माझं मलाच ऐकू येत होतं, तरी मी थांबले नाही. तिसरीनं विचारलं, मग आधी हिरवं कुणी सांगितलं होतं? मी म्हणाले, तसं ठरलं होतं.

फोन ठेवल्यावर ताईंनी पुढचा नंबर लावला, पण फोन लगेच दिला नाही.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "मान तर तुम्ही हलवली होती ना?"

पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणत होतं. मी फोन घेतला आणि आधी माझं नाव सांगितलं. मग म्हणाले, तुमच्या ताईंना चुकीचं मी सांगितलं, जाणूनबुजून. पाचवीलाही मी तसंच सांगितलं, आणि मग पहिल्या तिघींना परत फोन लावले.