आधी तात्यांवर लावून बघू

कुठलीही गोष्ट आधी स्वतःवर लावून बघितल्याशिवाय दुसऱ्याला न देणारा माणूस केळव्यापासून डहाणूपर्यंत एकच झाला, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. लग्नात माझ्यासाठी आणलेल्या बांगड्या त्यांनी आधी स्वतःच्या हातात चढवल्या. एक निघेना, म्हणून भर मांडवात साबण शोधावा लागला. गाईचं पोटदुखीचं औषध चाटून बघितलं, तेव्हा दोन दिवस गाय गप्प होती आणि तात्या हंबरत होते. सासूबाई म्हणायच्या, "या माणसाला बाळंतपण तेवढं जमलं नाय, नायतर तेबी आधी करून बघितलं असतं."

तात्या दहा वर्षं गावचे सरपंच होते, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. पुढे त्याच खुर्चीत मी बसले आणि अख्ख्या गावाला वाचा फुटली. सरपंचबाई मोठ्याने हसतात. सरपंचबाई ड्रेस घालून ऑफिसात येतात. दिवेलागण झाली तरी घरी जात नाहीत, मग पोरांना जेवायला कोण वाढतं? तात्या वाडीत पानवेली बांधता बांधता हे सगळं ऐकायचे आणि गप्प राहायचे. त्यांनाही हेच म्हणायचं असेल, असं मला वाटायचं, आणि ते फार लागायचं.

मग ती ग्रामसभा आली. माझ्यावर अविश्वास आणायचा, हे घरून ठरवूनच मंडळी आली होती. कुणी हसण्याचा विषय काढला, तसे दारापासच्या खुर्चीवरून तात्या उठले.

"थांबा. आधी माझ्यावर लावून बघू. तात्या मोठ्यान हसायचा. खरं हाय, पलीकडच्या आळीतली म्हैस बुजायची. तवा तुमी कुणी बोललात?"

हसण्याचा विषय तिथेच बारगळला. मग पोरांच्या जेवणाचं निघालं.

"तात्या रात करून घरी यायचा. त्याच्या पोरांना कोण वाढायचं?" त्यांनी डोकं खाजवलं. "मला तर आजून म्हायती नाय."

सभा खो खो हसली. माझी मान ताठ झाली. तेवढ्यात आमच्या शेजारचे भाऊ उठले. माझ्यावर सगळ्यात जास्त तोंडसुख घेणारे तेच.

"खाडीचा बांध फुटून दोन महिने झाले. खारं पाणी शिरून आमच्या पानवेली मेल्या. वैनींनी पालघरला दुरुस्तीचा अर्जच पाठवला नाय."

"बाई आहे म्हणून बोलता!" मी फटकन म्हणाले.

तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाय, हेबी लावून बघू. तात्यान अर्ज पाठवला नाय." त्यांनी मान डोलावली. "हे बसतंय गो. यावर तात्यालाबी कुणी सोडला नसता. उत्तर दे."

भर सभेत सासऱ्याने सुनेला उभं केलं! मी रागाने लाल झाले होते. पण अर्ज खरंच माझ्या टेबलावर पडून होता. चूक माझी, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं, दुसऱ्या दिवशी स्वतः पालघर गाठलं आणि पावसाळ्याच्या आत बांध उभा करून घेतला. अविश्वासाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी या माणसाची सून, हे आजही मी चारचौघांत मिरवून सांगते.

तात्यांना जाऊन वर्ष झालं. दारापासची खुर्ची कुणी न सांगता सगळे रिकामी सोडतात. परवाच्या सभेत शेजारचे भाऊ तावातावाने उठले, त्या खुर्चीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते मुकाट खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले.

"दोन गोष्टी आणल्या होत्या, वैनी. एक तात्यांवर लावून बघितली, नाय बसली. ती सोडली." त्यांनी घसा खाकरला. "दुसरी बसतेय. शाळेच्या टाकीत तीन दिवस पाणी नाय."

तक्रार ऐकूनही ऊर भरून येतो, हे मला तेव्हा कळलं. मी डोळे पुसले आणि उत्तर द्यायला उभी राहिले.