दोन उताऱ्यांचं भांडण

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही अजून शेवटच्या वर्षाला. एवढ्याशा शिदोरीवर आठवणी लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मला पुढे वकिलीला जायचं होतं. त्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी वाचनाचा भाग होता आणि त्यात वेगळं पास व्हावं लागे. शब्दार्थ मी घोकले होते. गाडी अडायची ती जोड-उताऱ्यांपाशी. एकाच विषयावर दोन लेखकांचे उतारे आणि खाली प्रश्न: दोघांचं एकमत कुठे, मतभेद कुठे, पहिल्याच्या म्हणण्यावर दुसरा काय म्हणेल? मी हटकून 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर' अशा अर्थाचा पर्याय निवडायचो आणि हटकून चुकायचो.

पनवेलच्या क्लासमधल्या मॅडम माझा पेपर तपासता तपासता हसायलाच लागल्या. "अरे, तू उत्तरं देतोयस की तंटा मिटवतोयस?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या बोलल्या ते खरं होतं. आमचं गाव गव्हाणच्या बाजूला आणि काका गावच्या पंचांत. भांडण बांधाचं असो की भावाभावांचं, पंच कुणालाच खोटं पाडत नाहीत. दोघांची समजूत काढून शेवटी त्यांना शेजारी शेजारी जेवायला बसवतात. लहानपणापासून मी हेच बघत आलो. दोन माणसं समोरासमोर दिसली की माझं मन आपोआप चटई अंथरायला लागायचं, मग ती माणसं इंग्रजी का असेनात.

एका संध्याकाळी मी ओटीवर सराव करत होतो. आई कोलंबी सोलत होती. "काय लिवलंय रं त्यात?" तिने विचारलं. मी सांगितलं: पक्ष्यांच्या अभयारण्याबद्दल आहे. एक लेखक म्हणतो, लोकांना आत सोडूच नका, पाखरं बिथरतात. दुसरा म्हणतो, लोक आलेच नाहीत तर पाखरांची काळजी करणार कोण?

"बंदच करावा," आई म्हणाली. "कर्नाल्याला मानसां काय पाखरां बघाला जातान? वेफर खातान नि पिशव्या टाकतान."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "वैनी, पोरांनी पाखरां बघितलीच नाय त माया कशी लागंल?"

"माया दुरून पन लागतंय, भावजी."

"मंग पोराचा लगीन पन दुरूनच लावा!"

मी चाचरत म्हणालो, "तुमचं दोघांचंही..."

"तू गप बस रं!" दोघं एकदमच ओरडले.

मी पुन्हा पेन्सिल उचलली. मिटवायचं काम हातातून गेल्यावर पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. पाखरं जगावीत, यावर दोघांचं भांडणच नव्हतं. भांडण होतं ते फक्त माणसांनी तिथे जावं की नाही, यावर. आईला आज पडलेला कचरा दिसत होता, काकांना उद्याची पोरं. मी उत्तरांवर खुणा केल्या आणि मागचं पान उघडून ताडून पाहिलं. सगळी बरोबर.

"मंग, कोन जिकला?" काकांनी विचारलं.

"कोण जिंकलं ते विचारलंच नाहीये, काका."

"मंग कसली रं ही परीक्षा!"

परीक्षेत मी कुणालाही जेवायला बसवलं नाही. निकालाच्या दिवशी मात्र साइट काही केल्या उघडेना. अंधार पडता पडता रोडपालीच्या मित्राचा फोन आला. त्याच्याकडे साइट उघडली होती आणि माझा नंबर त्याला ठाऊक होता.

"पास आहेस! इंग्लिशमध्येपण! वकीलसाहेब, पार्टी कधी?"