अर्जदाराची दिरंगाई

ऑफिसात तिला सगळे परमिटबाई म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कंपनी सॉफ्टवेअरची. तीन मजले, अडीचशे माणसं, त्यातली बासष्ट परदेशातून आलेली. या बासष्ट जणांचे कामाचे परवाने, राहण्याचे परवाने, बायकापोरांचे परवाने वेळेवर नवे करून आणणं एवढंच तिचं काम. एकोणीस वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती. समोर संगणक असला तरी तिचा भरवसा निळ्या पुठ्ठ्याच्या वहीवर होता. ज्याची मुदत संपत आली असेल, त्याला ती जिन्यात गाठायची आणि म्हणायची, "फोटो आणलास का? दात दाखवू नकोस फोटोत, परत पाठवतात."

मी शेजारच्या टेबलावर खरेदीचं काम बघायचो. पुढची हकिकत थोडी मी पाहिलेली आहे, बरीचशी तिने स्वतः सांगितलेली.

तिने लग्न केलं नव्हतं. घरी ती आणि आई, दोघीच. आई शाळेतून निवृत्त झालेली, फुप्फुसं थकलेली, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं. थोरला भाऊ, दादा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याचा ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचा धंदा होता. बाहेरून आलेल्या इंजिनिअरांसाठी ज्या इमारती उठल्या, त्यांच्या निम्म्या खिडक्या दादाच्या होत्या. तरीही 'आधी आपली माणसं' म्हणणारा पक्ष निघाला, तेव्हा त्यात पहिल्या रांगेत दादाच होता.

त्या दोन वर्षांत गाव उभं चिरलं गेलं. आमच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपुढे दोन वेगळ्या रांगा लागू लागल्या, कुणी न सांगता. परमिटबाईच्या घरी आईने नियम केला होता की जेवताना राजकारण काढायचं नाही. दादा तो पाळायचा, म्हणजे जेवायलाच यायचा नाही. आईची चौकशी तो फोनवर करायचा.

यायचा तो लंब्या. त्या बासष्टांपैकीच एक. हे नाव आईने ठेवलेलं. ऑफिसात तो टेस्टिंगला होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम. उंची सव्वासहा फूट, दारातून येताना सवयीने मान खाली. एका शनिवारी सही करायला म्हणून तो घरी आला, आणि आतल्या खोलीतली घरघर ऐकून थबकला. "हे असं वाजायला नको," म्हणाला. यंत्राचं मागचं झाकण उघडून त्याने आतली जाळी काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. तेव्हापासून तो दर शनिवारी यायचा, यंत्र बघायचा, मग तासभर आईजवळ बसायचा. आई त्याची भाषा सुधारायची.

"काल माझी बायको बाजारात गेला," तो सांगायचा.

"गेली, लंब्या. बायको गेली."

"आणि मुलगी झोपला."

आई इतकी हसायची की खोकला लागायचा आणि परमिटबाई दोघांवर डाफरायची. त्याची बायको दातांची डॉक्टर होती, पण तिला इथे काम करायची परवानगी नव्हती. ती घरी बसून मुलीच्या बाहुल्यांचे दात तपासते, असं तो सांगायचा. मुलगी इथेच जन्मलेली, सहा वर्षांची, आणि तिची भाषा बापापेक्षा चोख होती.

निवडणूक झाली. दादाचा पक्ष आला. तीन महिन्यांत नवा कायदा आला. आता परवाना दर वर्षी नवा, अर्ज मुदतीच्या आत, एक दिवसही सवलत नाही. कंपनीने विचार फार केला नाही. शेजारच्या देशाने दारं सताड उघडली होती. त्यांना इंजिनिअर हवेच होते. मॅनेजरने सगळ्यांना जमवून सांगितलं की बासष्टच्या बासष्ट जण चार महिन्यांत तिकडच्या नव्या ऑफिसात जातील. अट एकच. ज्या दिवशी तिकडे अर्ज जाईल, त्या दिवशी इकडचा परवाना चालू हवा.

ते सगळे कागद परमिटबाईवर आले. ती रोज आठला यायची आणि सातला जायची. लंब्याचा परवाना एका शुक्रवारी संपत होता. वहीत त्या तारखेभोवती लाल वर्तुळ होतं, आणि तो नवा करायचा अर्ज गुरुवारी पाठवायचा ठरला होता.

बुधवारी सकाळी आई गेली.

घर माणसांनी भरलं. बहुतेक दादाची माणसं, पक्षाची. दादाने सगळं हातात घेतलं. बहिणीचा फोनसुद्धा घेऊन वहिनीकडे दिला, "तिला त्रास नको" म्हणून. गुरुवारी दुपारी परमिटबाई वरच्या खिडकीशी उभी होती. फाटकापाशी तिला लंब्या दिसला. हातात तपकिरी पाकीट. दादा पुढे झाला.

"आज फक्त घरची माणसं," दादा म्हणाला. तिला वरपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

लंब्याने काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि पाकीट पुढे केलं. दादाने ते घेतलं. लंब्या मान खाली घालूनच परतला. ती खिडकीतून बोलावू शकली असती. अंगणात पंचवीस माणसं होती आणि सगळी वर बघतील, एवढंच तिच्या मनात आलं. मग कुणीतरी मागून हाक मारली आणि ती आत गेली. पाकिटात सांत्वनाचं पत्र असेल, असं तिने धरून घेतलं.

रविवारी ती आलेली पत्रं वाचायला बसली. ढिगाच्या तळाशी ते पाकीट होतं. आत लंब्याचा अर्ज, पूर्ण भरलेला, सह्या केलेला, फोटो लावलेला. वर चिठ्ठी: 'ताई, माफ करा, आज त्रास देतो. फक्त तुमची सही पाहिजे. मॅनेजर बाहेर देशात आहे. आई खूप चांगला होता.' पुढे 'चांगला' खोडून 'चांगली' केलेलं.

परवाना संपून दोन दिवस झाले होते.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी मॅनेजरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. उशिरा गेलेल्या अर्जाला एक जास्तीचा रकाना असे. 'दिरंगाईचं कारण', आणि खाली दोन चौकोन, अर्जदार किंवा कंपनी. कंपनी म्हटलं की माणसाला तीस दिवसांची सवलत मिळे, पण त्या कंपनीचे बाकीचे सगळे अर्ज चौकशी होईपर्यंत थांबत. अर्जदार म्हटलं की कंपनीला काही नाही. माणूस त्या क्षणापासून बेकायदा.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "त्याने कागद वेळेवर दिले होते. माझ्या घरी आणून दिले होते."

मॅनेजरने दार लावलं. "मला सांगू नकोस. मी ऐकलं, तर मला लिहावं लागेल." मग जरा थांबून, अगदी मऊपणे, "एकसष्ट माणसांचे अर्ज खात्यात पडलेत. त्यांनी घरं सोडलीत, पोरांची नावं शाळेतून काढलीत. एकासाठी एकसष्ट अडकवू? तूच सांग, मी तसं करतो."

"त्याला कुठे धाडतील माहीत आहे ना तुम्हाला?"

"तूच सांग," तो परत म्हणाला.

सांगण्याचं काम त्याने तिच्यावरच टाकलं, हे मला तेव्हापासून सतत आठवतं. ती जागेवर येऊन बसली. मी विचारलं, बरं वाटतंय ना. ती हो म्हणाली. अकरा वाजता तिने 'अर्जदार' या चौकोनात खूण केली, सही केली आणि अर्ज पाठवून दिला. दुपारी लंब्या तिच्या टेबलाशी आला. त्याला उशीर झाल्याचं कळलं होतं, चौकोनाचं नाही.

"ताई, होईल ना?"

"बघतेय," ती म्हणाली.

"तुम्ही बघताय म्हणजे होईल," तो म्हणाला, आणि आईच्या यंत्राचं काय करायचं ठरवलंय, एखाद्या दवाखान्याला द्यायचं तर मी साफ करून देतो, असं सांगून गेला.

मंगळवारी ती दादाच्या दुकानात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागायला. दादा आता नुसता दुकानदार नव्हता, परवाना खात्यातले अधिकारी त्याचा फोन पहिल्या घंटीला उचलत. तिने सगळं सांगितलं, पाकिटाचंसुद्धा.

"म्हणजे मी अडवलं म्हणून झालं, असं म्हणतेस?"

"तसं म्हणत नाही. एक फोन कर, एवढंच म्हणते. आईचा जीव होता त्याच्यावर."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. दादा बराच वेळ काचेच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तो किती वेळा आला, हे दोघांनाही माहीत होतं.

"नंबर लिहून दे अर्जाचा," तो म्हणाला. "आणि पत्ताही."

तिने दोन्ही लिहून दिलं.

एरवी नोटीस यायलाच दोन आठवडे लागायचे. लंब्याला बुधवारी सकाळी सव्वासातला घरातून नेलं. मुलगी शाळेच्या गणवेशात होती आणि एकाच पायात बूट होता. त्याच्या बायकोला भाषा जेमतेमच येत असल्यामुळे अधिकारी काय म्हणतात ते त्या मुलीनेच आईला समजावून सांगितलं, एकेक वाक्य.

परमिटबाईने दादाला फोन लावला.

"तू फोन केला होतास?"

"केला."

"काय सांगितलंस त्यांना?"

"तू सांगितलंस तेच," दादा म्हणाला. "नंबर आणि पत्ता."

तिने फोन ठेवला.

गुरुवारी लंब्याची बायको ऑफिसात आली. वकिलासाठी तिला कागदांची प्रत हवी होती. ती मागणाऱ्याला द्यावीच लागते. परमिटबाईने प्रत काढून दिली. बाई उभ्या उभ्या वाचू लागली. तिला अक्षरं लावता यायची, पण कागदावरचे अवघड शब्द कळायचे नाहीत. एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "दिरंगाई काय?"

"उशीर," परमिटबाई म्हणाली.

"उशीर. आणि हे? अर्ज... दार?"

"अर्ज करणारा."

"म्हणजे तो." बाईने जरा विचार केला. "तो तुमच्या घरी आला होता. गुरुवारी. पाकीट घेऊन."

"हो."

"मग हे चूक. हे कोण लिहिलं?"

सही अगदी खाली होती, तिच्या बोटापासून चार ओळींवर. बाईचं बोट हळूहळू खाली सरकलं. तिने सहीचं नाव लावलं, मग टेबलावरच्या पाटीवरचं नाव लावलं. चेहरा फारसा बदलला नाही. तिने कागदाची नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "धन्यवाद." हा शब्द तिला चांगला येत होता. आमच्यापैकी कुणीही मान वर केली नाही. मीही नाही.

लंब्याला त्याच्या जन्मदेशात धाडलं, पाच वर्षांच्या बंदीसह. शेजारचा देश ती बंदी मानतो, त्यामुळे नव्या ऑफिसचं दारही बंद. बायको-मुलगी पंधरा दिवसांत त्याच्यामागे गेल्या. तिथे मुलीला वर्गात कुणाचंच बोलणं कळत नव्हतं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. उरलेले एकसष्ट जण वेळेवर पोचले. त्यांनी नव्या इमारतीसमोर फोटो काढून पाठवला, खाली 'परमिटबाईंमुळे' असं लिहून. मॅनेजरने तो छापून फळ्यावर लावला. ती त्या फळ्यावरून जाईनाशी झाली. मागच्या जिन्याने यायची.

वर्षभरात इकडचं ऑफिसही मिटलं. काम तिकडे गेलं तशी इथे दोनशे माणसं कशाला ठेवतील? 'आधी आपली माणसं'ला मत देणारे आणि न देणारे, दोन्ही रांगा एकाच दिवशी घरी गेल्या. मला एका गोदामात काम मिळालं. परमिटबाईला दादाने परवाना खात्यात लावलं, चार नंबरच्या खिडकीवर. काम ओळखीचं, फक्त काचेच्या पलीकडच्या बाजूचं. तिच्याकडे कागद तपासून घेतला की परत येत नाही, असं लोक म्हणतात.

लंब्याच्या वकिलाचं पत्र आलं, तेव्हा तो जाऊन दीड वर्ष व्हायला दोन आठवडे उरले होते. कागद वेळेवर मिळाले होते, एवढं तिने लिहून दिलं तर उपयोग होईल का ते पाहू, असं त्यात होतं. पत्र तिने तीन आठवडे उशाखाली ठेवलं. मग एका दुपारी बसून चार ओळी लिहिल्या. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी माझ्या घरी पोचला होता. दिरंगाई माझी होती. खूण मी जाणूनबुजून चुकीची केली. सही. वकिलाचं उत्तर लवकर आलं. आभार मानले होते. फेरविचाराची मुदत दीड वर्षाची असते, ती उलटून गेली आहे, तरी पत्र फाइलला जोडून ठेवतो. दीड वर्षाची मुदत तिला माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही. तो नियम तिच्या खिडकीवरच टांगलेला आहे.

आता दादा दर रविवारी तिच्याकडे जेवायला येतो. आई गेल्यापासून जेवताना काहीही बोलायला मुभा आहे. त्या रविवारी तिने त्याला सांगून टाकलं की मी असं असं लिहून दिलं.

दादाचा घास हातात थांबला. "कधी?"

"या महिन्यात."

त्याने मनात हिशेब केला. "म्हणजे मुदत गेल्यावर."

"हो."

"मग हरकत नाही," दादा म्हणाला, आणि पुन्हा जेवू लागला. थोड्या वेळाने त्याने ताट पुढे केलं, आणि तिने त्याला वाढलं.