सातव्या वर्षी सोपवलेली मुलं: स्लाऊ ते एडिनबरा

फ्रान्सचा व्हिसा काही मिळेना. रोज सकाळी अपॉइंटमेंटच्या वेबसाइटवर जायचं, रोज तेच करडे चौकोन, एकावरही क्लिक होत नाही. मला व्हर्सायला जायचं होतं, कारण गेलं दीड वर्ष मी फ्रेंच दरबारातल्या गव्हर्नेसबायकांवर, म्हणजे राजाची मुलं सांभाळणाऱ्या बायकांवर, काहीतरी लिहितेय. काहीतरी म्हणजे सोळा आवाजांतलं, विरामचिन्हं नसलेलं वगैरे. मित्रमंडळी वाचतात, "इंटरेस्टिंग" म्हणतात आणि विषय बदलतात.

मग एका रविवारी वाचता वाचता सापडलं, की गादी गेलेला एक फ्रेंच राजा नातवंडांना घेऊन चक्क एडिनबरात येऊन राहिला होता. होलीरूड पॅलेसमध्ये. सोबत मुलांची गव्हर्नेससुद्धा! म्हणजे व्हर्साय गेलं उडत. स्कॉटलंडला जायला व्हिसा लागत नाही, फक्त रेनकोट लागतो.

"एडिनबराला जातेयस?" शैलामावशींनी किचनमधून विचारलं. "मी येऊ?"

शैलामावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. लंडनजवळ स्लाऊला त्यांच्या घरात वरची खोली माझी, आणि खालचा हॉल त्यांच्याकडे सांभाळायला येणाऱ्या मुलांचा. वय साठ, पायात कायम स्पोर्ट्स शूज. सात वर्षांत कधी सुट्टी घेऊन कुठे गेल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी लगेच हो म्हटलं आणि कारण विचारायचं राहून गेलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दोघं असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, भाड्यातला एक तृतीयांश वाचतो. वीकडेला सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. तिकिटं दोन महिने आधी बुक करा. स्लाऊहून एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डन, तिथून किंग्ज क्रॉस. गाडीत उजव्या बाजूच्या सीट घ्या, न्यूकॅसलनंतर समुद्र त्या बाजूला येतो. आम्ही ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत गेलो, कारण तेव्हा मावशींकडे मुलं नव्हती.

गुरुवार

पीटरबरोच्या आधीच मावशींनी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. समोरच्या सीटवरचे आजोबा मान वळवून बघायला लागले, तर त्यांनाही एक दिली. त्यांनी ती काट्याचमच्याने खाल्ली.

यॉर्क गेल्यावर मावशींनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ गं. दोन निळ्या टिका म्हणजे वाचलंय ना?"

मेसेज तन्वी नावाच्या मुलीला होता. "तन्वी बेटा, मी माऊ. शुक्रवारी एडिनबराला आहे. भेटशील का?" माऊ म्हणजे मावशीच. पाठवून चार दिवस झाले होते. वाचला होता. उत्तर नव्हतं.

तेव्हा कुठे मला कळलं, की मावशींना किल्ला-बिल्ला काही बघायचा नव्हता. तन्वी एका डॉक्टर जोडप्याची मुलगी. दोघांच्या हॉस्पिटलात शिफ्टा, म्हणून आठ महिन्यांची असल्यापासून सात वर्षांची होईपर्यंत तिला मावशींनी सांभाळलं, त्या डॉक्टरांच्याच घरी राहून. आता ती वीस वर्षांची आहे आणि एडिनबरात शिकते. मधली तेरा वर्षं भेट नाही. आईवडिलांशी दिवाळीला मेसेज होतात, तेवढंच. नंबरही आईनेच दिला.

"भांडण झालं होतं का?"

"छे गं. मीच निघाले."

बेरिकचा पूल आला, खाली नदी समुद्राला मिळत होती. सगळा डबा फोटो काढत होता आणि मावशी फोनकडे बघत होत्या.

हॉस्टेल वेव्हरली स्टेशनपासून दहा मिनिटांवर, पण ती दहा मिनिटं सगळी चढाची आहेत हे कुठल्याही साइटवर लिहीत नाहीत. चाकांची बॅग नेऊ नका. दगडी रस्त्यावर ती पावलापावलाला अडते आणि मग उचलावी लागते.

शुक्रवार

होलीरूडचं तिकीट आदल्या दिवशीपर्यंत ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं. ऑडिओ गाइड फुकट. मंगळवार-बुधवारी राजवाडा बरेचदा बंद असतो, बघून जा.

खरं सांगायचं तर माझ्या फ्रेंच लोकांचं तिथे फारसं काही नाही. सगळी गर्दी स्कॉटलंडच्या राणीच्या खोल्यांत. चौकड्याची पँट घातलेल्या एका कर्मचाऱ्याला मी विचारलं, की फ्रेंच मुलं कुठे राहायची?

"तुम्ही या वर्षी विचारणाऱ्या दुसऱ्या," तो खूश होऊन म्हणाला. "पहिला माणूस फ्रेंच होता आणि तो रागावलेला होता." मग खिडकीतून बागेकडे हात केला. "मुलं आहेत म्हटल्यावर तिथे पळालीच असणार. इथल्या मुलांना आत बसवून दाखवा बघू."

राजवाड्याला लागून एक पडकं चर्च आहे, छप्पर नाही, नुसत्या कमानी. पाऊस थांबला होता म्हणून आम्ही तिथल्या भिंतीशी टेकलो आणि मी मावशींना माझं सगळं संशोधन ऐकवायला लागले. दीड वर्षात पहिल्यांदा कोणी स्वतःहून "मग?" म्हणत होतं.

मी सांगितलं, की तिथे राजाचं मूल जन्मलं की मोठ्या घराण्यातल्या एका बाईच्या हवाली करायचे. तिने राजापुढे शपथ घ्यायची. तिच्या हाताखाली उपगव्हर्नेस, दाया, पाळणा हलवायला वेगळी बाई. कितीदा तरी हे काम आईकडून मुलीकडे जायचं. एकदा गोवराच्या साथीत एका राजपुत्राचे आईवडील आणि मोठा भाऊ पाठोपाठ गेले. डॉक्टर त्या भावाचं रक्त काढत बसले होते. धाकटा दोन वर्षांचा. त्याच्या गव्हर्नेसने त्याला आपल्या खोलीत घेतलं आणि डॉक्टरांना हातच लावू दिला नाही. मूल वाचलं, पुढे राजा झालं. तो तिला मामाँ म्हणायचा.

"म्हणजे आई?"

"आई."

मी आपली पुढे चालूच. "आणि मुलगा सात वर्षांचा झाला की पुरुषांच्या ताब्यात द्यायचा. भर दरबारात. कपडे काढून डॉक्टर तपासायचे, मूल धडधाकट आहे असं सगळ्यांसमोर ठरायचं आणि मग गव्हर्नेसची सुटका. किती क्रूर ना? हाच राजा, म्हणतात, तिला बिलगून इतका रडला की जेवेना."

"सगळ्यांसमोर रडला?"

"हो ना!"

"आणि ती तिथेच उभी होती?"

"हो."

"मग क्रूर कसलं," मावशी म्हणाल्या. "त्या पोराला रडायला तरी दिलं."

आणि मग त्यांनी सांगितलं. तन्वी सात वर्षांची असताना तिला ताप आला. आई ड्यूटीवरून आली, हात पुढे केले, आणि पोरगी मावशींच्या गळ्याला घट्ट. जाईचना. आई कोट न काढता हॉलमध्येच उभी राहिली. "तिचा चेहरा बघितला मी. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, आता मोठी झाली, आफ्टर-स्कूल क्लबला घाला. त्या दोघांनी थांबा म्हटलं. मी नाही थांबले."

"तन्वीला काय सांगितलंत?"

"काही नाही. स्विमिंगहून येऊन सोफ्यावर झोपली होती. बॅग उचलली, निघाले." त्या कमानींकडे बघत होत्या. "आपल्याकडे असंच करतात ना गं. मूल झोपलं की निघायचं. नजर चुकवायची. म्हणजे रडत नाही."

हे मला नवीन नव्हतं. माझे बाबाही दर वेळी टूरवर असेच जायचे. पण दीड वर्ष मी ज्या समारंभाला अमानुष वगैरे विशेषणं लावत होते, त्याच्याकडे या बाजूने बघायचं मला सुचलंही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. तन्वीचा मेसेज. तीन वाजता, सॉल्झबरी क्रॅग्सच्या पायथ्याशी. शेवटी स्मायली नाही.

क्रॅग्स म्हणजे राजवाड्याच्या मागचा उभा कडा, चालत दहा मिनिटं. आम्ही अडीचलाच जाऊन उभ्या. पदर वाऱ्यावर उडू नये म्हणून मावशींनी तो पफर जॅकेटमध्ये कोंबला होता. तीनला पाच कमी असताना सायकलचं हेल्मेट हातात घेऊन एक उंच मुलगी आली आणि चार हातांवर थांबली.

"तू खूप शॉर्ट झाली," ती म्हणाली.

"मी होते तेवढीच आहे. तूच ताडासारखी वाढलीस."

कोणी हसलं नाही. मावशींनी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली. "तुला भातावर आवडायचं. तूप घालून."

"मी वीगन आहे आता."

"मग तूप नको घालू."

तन्वीने पुडी घेतली, उघडून वास घेतला. मी मागे सरकले. पण वारा माझ्याकडेच येत होता, सगळं ऐकू आलं.

"मला वाटला तू मेली," ती म्हणाली. "मी उठली आणि तू नव्हता. तुझी स्लिपर्स पण नव्हती. मम्मी बोलली माऊ बिझी आहे. ते तर लहान मुलांना सांगतात, कोणी मेला की. मी दोन वर्षं तसंच समजली. मग दिवाळीला मम्मीच्या फोनवर तुझा फोटो आला. जिवंत! लाडू बनवते!"

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "रडशील म्हणून न सांगता गेले."

"मी रडली एनीवे. फक्त तू नव्हता."

मावशींनी डोळे पुसले नाहीत, वळल्याही नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या. तन्वी बोलत गेली, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, मध्येच ओरडून. कुत्रं फिरवणारं एक जोडपं लांबून वळसा घालून गेलं. कडू कडू काय काय निघालं, ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मावशी फक्त "हो" म्हणत होत्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत.

मग तन्वीने नाक पुसलं आणि म्हणाली, "चढणार? मी जिओलॉजी करते. हा रॉक दाखवते, वर्ल्ड फेमस आहे."

"दगड बघायला चढायचं?"

"यस. तुझी पनिशमेंट आहे."

कड्याखालची वाट रुंद आहे, पण ओल्या खडीवर पाय घसरतो, बूट चांगले घाला. सुरुवातीचा चढ दमवणारा. अर्ध्यात मावशी थांबल्या, तेव्हा तन्वीने हात पुढे केला. वरून सगळं गाव दिसतं, राजवाडा, छप्पर नसलेलं चर्च, आणि लांब समुद्र. लाव्हा जुन्या थरांमध्ये कसा घुसला ते तन्वी बोटाने दाखवत होती. मावशींना त्यातलं काही कळत नव्हतं आणि त्या एकेक शब्द ऐकत होत्या.

रविवार

शनिवार किल्ला आणि डाळीच्या सूपमध्ये गेला, ते इतरांच्या ब्लॉगवर वाचा. परतीची गाडी सकाळी. तन्वी प्लॅटफॉर्मवर हजर, डोळ्यांत झोप.

"एवढ्या लवकर कशाला आलीस गं?"

"तू जाताना मला बघायचा आहे. या वेळी पळायचं नाही."

गाडी सुटेपर्यंत मावशी दारात उभ्या. दोघी रडत होत्या, अगदी उघड, नाक ओढत. गार्डने आधी घड्याळ बघितलं, मग आमच्याकडे, मग शिट्टी वाजवली. तन्वी शेजारून चालत आली, मग थांबली. लहान होत होत दिसेनाशी झाली. मावशी सीटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली."

घरी आल्यावर मी माझे सोळा आवाज उघडले. पंधरा काढून टाकले. पूर्णविराम घातले. चांगलं झालंय की नाही माहीत नाही, पण आता ती बाई दरबारात उभी आहे आणि मुलगा रडतोय, एवढं तरी दिसतं. व्हर्सायची घाई उरली नाही.

सोमवारी मी घरून काम करत होते. साडेआठला खाली दोन वर्षांच्या कियाराचे बाबा आले. ती ठोकळ्यांत रमली तसे ते चवड्यांवर दाराकडे निघाले. हे रोजचंच. रोज मावशीच कियाराला पाठमोरी बसवतात आणि त्यांना डोळ्यांनी जा म्हणतात.

"अहो, थांबा," मावशींचा आवाज आला. "तिला सांगून जा."

"रडेल हो ती."

"रडू दे. मी आहे ना."

बाबांनी सांगितलं. कियाराने असा सूर लावला की मला मीटिंगमध्ये म्यूट व्हावं लागलं. खिडकीतून बघितलं तर बाबा गेटपाशी, पाय निघेना. दारात मावशी, कडेवर ती लालबुंद पोरगी, हात लांब करून ओरडतेय. मावशी तिला आत नेत नव्हत्या, खेळणंही दाखवत नव्हत्या. गाडी वळेपर्यंत दोघी बघत राहिल्या.

चार मिनिटं चाललं ते. मग कियाराने केळं मागितलं.