भोक पाडलेली भिंत

पेणला मी कॉलेजात अकरावी-बारावीला विज्ञान शिकवते, राहते रोह्याजवळ अष्टमीला. मुलांना इंजिनीअरिंगची गोडी लागावी म्हणून वर्गात खेळ घेते. त्या वर्षीचा खेळ बांधाचा होता. ट्रेमध्ये मातीची भिंत घालायची, अलीकडे समुद्र, पलीकडे शेत. समुद्रात मी पाणी ओतणार. ज्याच्या शेतात थेंब गेला तो बाद. जिंकेल त्याला इंजिनीअरिंग कॉलेजातलं आठवड्याचं शिबिर.

बारावीतल्या एका मुलीला ते हवंच होतं. धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. बापाने सांगून ठेवलेलं, शिबिराला निवड झाली तर इंजिनीअरिंगचा फॉर्म भर, नायतर कंपनीत लाग. हे तिनेच मला सांगितलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

तिच्या भिंतीला तळाशी चक्क भोक होतं. त्यावर समुद्राच्या बाजूने पुठ्ठ्याचं झाकण टांगलेलं.

"हे काय गो? भिंतीला भोक?"

"बाई, आधी शेतात पाऊस ओता ना."

"खेळात पाऊस नाही. बाद."

पाणी ओतलंसुद्धा नाही मी. पोरं खो खो हसली. घंटा व्हायला आली होती आणि माझं डोकं तापलेलं. ती ट्रे उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली. बारावीच्या निकालानंतर कंपनीत लागली.

पुढच्या पावसाळ्यात एका सहकारी बाईंकडे जेवायला खाडीकाठी गेले. आमच्या घरची शेती होती, पण ती कसायचे दुसरेच. खाडीच्या बांधावर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. बांधाला खाली भोक, त्यावर टांगलेलं लाकडी दार.

"ही उघाडी, बाई," तिथला एक शेतकरी म्हणाला. "भरतीचं पाणीच दार लोटून मिटवतं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी भायेर. भोक नसलं तर भात कुजून जाईल."

मी "बरं" म्हटलं. घरी येऊन वह्या तपासल्या. लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काहीच वाटेना. बसून बसून पाय बधिर होतो, तसं झालं होतं. अजून तसंच आहे.

गेल्या महिन्यात ती अष्टमीच्या पुलाजवळ दिसली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, शिफ्टच्या बसची वाट बघत होती. मीच हाक मारली.

"चूक माझी होती गो. मी उघाडी कधी बघितलीच नव्हती. आता नियम बदललाय. आधी पाऊस ओतते."

"व्हय? मग यंदा कोणी पाडलं भोक?"

"कुणीच नाही. खाडीकाठची चार मुलं आहेत, तरी नाही."

"नाय पाडायची, बाई," ती अगदी सहज म्हणाली. "माझं काय झालं ते म्हाईत हाय त्यांना."

बस आली, ती चढली. मी मंडईतून भाजी घेऊन घरी आले.