टेबलाला पेलणारं वजन

सुई एकशेवीसवर गेली आणि तिथेच अडली. आमच्या काट्यावर त्यापुढे आकडेच नव्हते.

मी अकोल्याच्या एका सेंटरमध्ये सी.टी. स्कॅनचा टेक्निशियन होतो. काट्यावर उभ्या शोभाताई अकोटला भाजी विकायच्या. वय जेमतेम तीस. रोज सकाळी डोकं ठणकायचं, वाकलं की डोळ्यांपुढे अंधार यायचा. कुणीतरी टेन्शनच्या गोळ्या दिल्या होत्या. कापसाचे भाव पडल्यापासून आमच्याकडे प्रत्येक दुखण्याचं नाव टेन्शनच होतं. आता त्या नवऱ्याचा हात धरून चालत होत्या. मेंदूत गाठ आहे का ते ताबडतोब बघा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं.

स्कॅनच्या टेबलाची मर्यादा दीडशे किलो. सेंटर चालवणारे आमचे सर म्हणाले, “टेबलाची मोटर बसली तर सेंटर बंद. नक्की वजन आण, नाहीतर नागपूरला पाठव.”

नवऱ्याने विचारलं, तेवढा वेळ डोळे थांबतील का?

मग मी अक्कल चालवली. जवळच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायचा मोठा काटा होता. तिथे त्यांना घेऊन गेलो. आवक नसल्याने हमाल रिकामेच बसले होते. ते भोवती जमले. एक जण म्हणाला, “या नापिकीत बाईचंच पीक बरं आलं.”

सगळे हसले. मीही हसलो. चारचौघांत वेगळं पडायची लाज वाटली असेल. त्या हसण्याची लाज मात्र अजून गेलेली नाही.

मी घाईने त्यांना खाली उतरवू लागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “हसू द्या भाऊ. मले कोनाचं तोंडच दिसत नाई.”

वजन किती भरलं ते इथे लिहीत नाही. टेबलाला पेलण्यासारखं होतं.

गाठ नव्हती. मेंदूभोवती पाणी असतं. काही लठ्ठ तरुण बायकांमध्ये त्याचा दाब वाढतो आणि डोळ्यांच्या नसा दबतात. पाठीतून पाणी काढून मोजलं, तर दाब खूपच निघाला. औषधं सुरू झाली, हळूहळू वजनही उतरवलं. उजवा डोळा वाचला. डावा निम्माच. टेन्शनच्या गोळ्यांत बराच वेळ गेला होता.

सरांनी पुढे मोठा काटा घेतला, मशीन जपायला म्हणून. तो मी आतल्या खोलीत ठेवला. वजन करण्याआधी दार लावायचं असतं, हे आमच्या कोर्समध्ये नव्हतं.